सतरा नंबरची बाई

विशालाक्षीबाईंच्या न्हाणीघरात प्लास्टिकचे सहा टब आहेत. दोन निळे, तीन लाल आणि एक असा हिरवा, की त्यातून कपडे बाहेर काढताना ते आपलेच आहेत ना, अशी शंका यावी. घरात माणसं दोन, विशालाक्षीबाई आणि त्यांचे यजमान सीतारामराव. दोन माणसांना सहा टब कशाला, असं कोणी विचारलं की सीतारामराव अभिमानाने सांगत, "बक्षिसं आहेत ती." आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात एखादं पातेलं गरजेपेक्षा जोरात खाली ठेवलं जाई.

तंजावुरात नवरात्र म्हणजे कोलू. दिवाणखान्यात लाकडी पायऱ्या मांडायच्या, त्यांवर पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे धोतर, अंथरायची आणि नऊ दिवसांसाठी बाहुल्या बसवायच्या. बसवायच्या म्हणजे हवं तिथे ठेवून द्यायच्या नव्हेत. सगळ्यात वर देव आणि त्यांच्या बाजूला राजघराणं. मग साधुसंत, मग लग्नाची वरात, कीर्तन, देऊळ, आणि सगळ्यात खाली डाळ-तांदळाचं दुकान थाटून बसलेले पोट सुटलेले चेट्टियार नवरा-बायको. ज्याची जी पायरी, तिथे तो. मेल वीदी या रस्त्याच्या आसपासच्या बायकांचं एक मंडळ आहे, ते दर वर्षी कोलूची स्पर्धा घेतं. पहिलं बक्षीस पाच लिटरचा कुकर, दुसरं डोशाचा तवा, तिसरं टब. विशालाक्षीबाई सहा वर्षं ओळीने तिसऱ्या आल्या होत्या. पहिला नंबर समोरच्या घरातल्या सरोजाचा. तिच्या कोलूत एका वर्षी कारंजं उडालं, दुसऱ्या वर्षी हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. यंदा तिच्याकडे मेट्रो रेल्वे येणार आणि तिची दारं आपोआप उघडणार, अशी बातमी दूधवाल्याने आणली होती.

विशालाक्षीबाईंना कुकर नको होता. कुकर त्यांच्याकडे तीन होते. त्यांना पहिला नंबर हवा होता, मरायच्या आधी एकदा तरी, आणि हे त्या कोणालाही सांगत नसल्या तरी सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

अशात त्यांच्या मुलीचं, नंदिताचं पार्सल आलं. नंदिता जर्मनीत न्युरेंबर्गला नोकरी करते. तिने कथलाच्या छत्तीस बाहुल्या पाठवल्या होत्या, बोटभर उंचीच्या, हाताने रंगवलेल्या. एकेकीच्या बाहीवरची नक्षी पाहायला सीतारामरावांना सर्व्हे ऑफिसातून निवृत्त होताना घरी आलेलं भिंग काढावं लागलं.

"अम्मा, ही चार-पाचशे वर्षांपूर्वीची युरोपातली माणसं," नंदिताने फोनवर सांगितलं. "रेनेसान्सच्या काळातले सिव्हिलियन. गावोगावचे, आपापल्या मुलखाच्या पोशाखातले."

"सिव्हिलियन म्हणजे कोण गं?"

"म्हणजे सैन्यात नसलेले."

विशालाक्षीबाईंनी याची खूणगाठ बांधून ठेवली. या एका वाक्याने पुढे केवढा घोळ होणार होता, ते नंदिताला कळायला मार्ग नव्हता.

प्रत्येक बाहुलीच्या तळाला एक आकडा आणि गावाचं नाव कोरलेलं होतं. कोण काय, ते सोबतच्या पुस्तकात होतं. पुस्तक जर्मन, त्यातही जुन्या वळणाच्या अक्षरांत. सीतारामरावांनी त्यावर फोन धरून पाहिला, तर फोनने थोडा वेळ विचार केला आणि तो बंद पडला.

"पानं दाखवा, मी रविवारी सावकाश वाचून सांगते," नंदिता म्हणाली.

"मला रविवारी नक्को, शुक्रवारी होणं," विशालाक्षीबाई म्हणाल्या. 'होणं' म्हणजे 'हवं'. तंजावुरी मराठीत माणसाला जे हवं असतं ते होणं असतं. "शुक्रवारी परीक्षक येतात."

शुक्रवारपर्यंत नंदिताला श्वास घ्यायलाही सवड नव्हती. तेव्हा विशालाक्षीबाईंनी पदर खोचला. माणूस कोण आहे, हे त्याच्या अंगावरच्या कपड्यांवरून कळत नसेल, तर तंजावुरात जन्माला येऊन उपयोग काय? रेशीम ओळखता येतं, जरीकाम ओळखता येतं, खोटे मोती दहा हातांवरून ओळखता येतात. मग छत्तीस परदेशी माणसांच्या पायऱ्या ठरवायला जर्मन पुस्तक कशाला हवं?

घटस्थापनेच्या सकाळी दोघं नवरा-बायको जमिनीवर फतकल मारून बसली. सीतारामराव भिंगातून बघून वर्णन करत आणि विशालाक्षीबाई निकाल देत.

पहिला निघाला आउग्सबुर्गचा एक पुरुष. त्याच्या दोन्ही बाह्या जागोजागी चिरलेल्या होत्या आणि आतलं पिवळं अस्तर फटींतून बाहेर आलं होतं. विजारीच्या तर लांबच लांब पट्ट्या झालेल्या.

"अय्यो, पाप," विशालाक्षीबाई कळवळल्या. "चिंध्या झाल्यात बिचाऱ्याच्या."

"टोपीत पीस आहे पण. गळ्यात साखळी आहे."

"कोणी दिलं असेल. देवळाबाहेर बसवा." त्याला देवळाच्या दाराशी भिकाऱ्यांच्या रांगेत जागा मिळाली. पुढ्यात बाटलीचं झाकण ठेवून त्यात चार तांदळाचे दाणेही टाकण्यात आले, कारण विशालाक्षीबाईंच्या घरून कोणी रिकाम्या हाताने जात नसे.

मग पायघोळ काळा झगा घातलेला, पांढऱ्या दाढीचा व्हेनिसचा म्हातारा. हा वकील, यावर दोघांचं एकमत झालं. चेट्टियारला वकील लागतोच, म्हणून त्याला दुकानाच्या फळीशी उभं केलं. डोक्यावर कडक पांढऱ्या कापडाचा डोलारा असलेली न्युरेंबर्गची बाई नर्स ठरली. बायोन गावच्या एकीच्या डोक्यावर लांबुडकं, पुढे वाकलेलं असं काही होतं की विशालाक्षीबाईंना ते थेट केळफूल वाटलं. तिला भाजीवालीच्या शेजारी बसवलं. डोक्यावर घेऊन विकायला आली असेल, पाय दुखत असतील.

एका तरण्याबांड स्विस गड्यापाशी सीतारामराव बराच वेळ थबकले. भिंग जवळ नेलं, लांब नेलं.

"काय आहे?"

"काही नाही. कमरेखाली, पुढच्या बाजूला, एक फुगीर पिशवी बांधलीय."

विशालाक्षीबाईंनी भिंग घेतलं. "पानाची चंची दिसतेय. इत्की पुढे बांधतात का कोणी?"

"हात लगेच पोचावा म्हणून असेल," सीतारामराव म्हणाले आणि त्यांना पाणी प्यायला उठावं लागलं. गड्याची रवानगी लग्नाच्या पंगतीत, तांबुलाच्या तबकाशेजारी झाली.

आणि मग कापसातून सतरा नंबर बाहेर आली. तळाला व्हेनिसचं नाव. अंगावर गडद लाल रेशीम, त्यावर सोन्याची वेलबुट्टी, गळ्यात मोत्यांची माळ, मानेमागे मोराच्या पिसाऱ्यासारखी उभी राहिलेली जाळीदार कॉलर. केस दोन शिंगांसारखे वर बांधलेले. हातात पंखा. पण विशालाक्षीबाईंचा श्वास अडकला तो तिच्या पायांकडे पाहून. झग्याचा घोळ किंचित उचललेला होता आणि खाली वीतभर उंचीच्या लाकडी खडावा होत्या. वीतभर म्हणजे तिच्या वितीने, पण चांगल्याच उंच.

"पादुका," विशालाक्षीबाई हळूच म्हणाल्या. पादुका कोण घालतं? देव, गुरू आणि राजे. केळफूल विकणारी बाई पादुका घालत नाही.

"ही राणी म्हणून वाटतंय मला."

"नंदिता सिव्हिलियन म्हणाली होती ना?"

"सिव्हिलियन म्हणजे सैन्यात नसलेले. राणी कुठे सैन्यात असते?"

सतरा नंबरची बाई सगळ्यात वरच्या पायरीवर, महालक्ष्मीच्या उजव्या हाताला विराजमान झाली. तिच्या चोळीचा गळा जरा जास्तच खोल होता. तेवढा विशालाक्षीबाईंनी जरीच्या कापडाचा नखाएवढा तुकडा भाताच्या शिताने चिकटवून झाकला. राणी झाली तरी पाहुणी आहे, तिला गार लागायला नको.

तीन दिवस गल्लीतल्या बायका येऊन थक्क होऊन गेल्या. सरोजासुद्धा आली. पायऱ्यांपुढे दहा मिनिटं उभी राहिली आणि काही न बोलता सुंडल खाऊन गेली. नवरात्रात येईल त्याच्या हातावर वाफवलेल्या चण्यांचं सुंडल ठेवायचंच असतं. पण एरवी सरोजा त्यात मीठ कमी आहे म्हणून सांगायला विसरत नसे, आणि आज ती विसरली, यावरून विशालाक्षीबाईंनी जे ओळखायचं ते ओळखलं.

शुक्रवारी चार वाजता परीक्षक आल्या, चंद्रमतीबाई. कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, अकरा दिवसांत सात देश दाखवणारी युरोपची सहल केलेल्या. त्या बोलू लागल्या की समोरच्याला हजेरी द्यावीशी वाटे. बरोबर गुणांचा कागद धरायला मंडळाची एक मुलगी होती.

चंद्रमतीबाईंनी चष्मा लावला, कोलूकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसून परत लावला. "विशालाक्षी, हे काय आणलंस तू? हा तर सगळा युरोप आहे."

"हो अक्का," विशालाक्षीबाई म्हणाल्या आणि हातात छडी घेऊन माहिती द्यायला लागल्या. हा आउग्सबुर्गचा गरीब भिकारी. हे व्हेनिसचे वकील. ही न्युरेंबर्गची नर्स. हे पान खाण्याचे शौकीन. चंद्रमतीबाई प्रत्येकापाशी मान हलवत होत्या. खरं सांगायचं तर खालच्या पायऱ्यांकडे वाकून बघणं त्यांच्या कमरेला झेपत नव्हतं, म्हणून त्या ऐकूनच घेत होत्या. कागदवाली मुलगी आकडे लिहीत होती. सीतारामरावांनी तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि बायकोला डोळ्यांनीच सांगितलं, की आकडे भरघोस आहेत.

"सरोजाची मेट्रो पाहिली मी," चंद्रमतीबाई म्हणाल्या. "यंत्र आहे ते. हे शिक्षण आहे. पहिल्या नंबराबद्दल माझ्या मनात काही शंका उरलेली नाही." त्यांची नजर वर गेली. "ही कोण?"

"ही व्हेनिसची राणी."

"व्हेनिसला राणी नव्हती. राजाच नव्हता तिथे."

"म्हणून एकटीच आली असेल," सीतारामराव म्हणाले.

चंद्रमतीबाईंनी त्यांच्याकडे मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. मग भिंग मागितलं, टाचा उंचावल्या, सतरा नंबरच्या बाईचे केस पाहिले, गळ्यावरचा जरीचा तुकडा नखाने उचलून पाहिला, खडावा पाहिल्या. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "विशालाक्षी, ही चांगल्या घरातली बाई नाही गं. व्हेनिस यांच्यासाठीच प्रसिद्ध होतं. हे उंच जोडे, हे केस, हा गळा. गणिका आहे ही. श्रीमंतांच्या माड्यांवर जाणारी."

सीतारामराव सुंडल जळतंय का ते बघायला आत गेले. सुंडल केव्हाच उतरवून ठेवलेलं होतं.

विशालाक्षीबाईंच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तीन दिवस त्यांनी या बाईला महालक्ष्मीच्या शेजारी बसवून ओवाळलं होतं. अख्ख्या गल्लीला 'राणीसाहेब' म्हणून दाखवलं होतं. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि ती लाज सरोजाला कळणार म्हणून आणखी वाटली.

"घाबरू नक्को," चंद्रमतीबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुला ठाऊक नव्हतं. तिला खाली घे. दोन पायऱ्या खाली, नाचणाऱ्या बाहुल्यांत ठेव. मी काही पाहिलं नाही आणि पहिला नंबर तुझा."

"बसवलेली बाहुली दसऱ्यापर्यंत हलवू नये म्हणतात, अक्का."

"परीक्षक म्हणून मी सांगते ना. काढ."

विशालाक्षीबाई स्टुलावर चढल्या. हात पुढे गेला. सतरा नंबरची बाई त्यांच्या दोन बोटांत आली, कथलाची, थंडगार, अगदी हलकी. हात परत येईना. आपण कशाला एवढ्या लाजतोय, असा प्रश्न त्यांना पडला, आणि उत्तर सापडेना तेव्हा त्यांना राग आला. आधी स्वतःचा, मग चंद्रमतीबाईंचा. सहा वर्षांचं स्वप्न बोटभर अंतरावर आलं असताना डोक्यात असं काही यावं, याचाही राग आला. पण आलं ते आलं. त्यांनी बाई होती तिथेच परत ठेवली आणि स्टुलावरूनच बोलायला सुरुवात केली.

"अक्का, माझं माहेर ओरत्तनाडु. मुक्तांबाळचं छत्र तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. राजांची लग्नाची बायको होती का ती?"

हा धडा चंद्रमतीबाईंनी तीस वर्षं शिकवला होता. तंजावुरच्या सरफोजीराजांची ती आवडती, लग्नाची नव्हे. ती गेली तेव्हा राजांनी तिच्या नावाने ओरत्तनाडुला छत्र बांधलं, आल्या-गेल्याला तिथे अन्न मिळू लागलं.

"माझ्या पणज्याचे आई-बाप लहानपणीच गेले. तो त्या छत्रात जेवला, तिथेच अक्षर शिकला. आमच्या घरातला पहिला लिहितावाचता माणूस. भात पानात पडला तेव्हा, वाढणारी लग्नाची की बिनलग्नाची म्हणून त्याने विचारलं नाही. मी आज कोणत्या तोंडाने विचारू? हिला मी बोलावून बसवलंय. बसवलेल्या माणसाला, तू अमकी निघालीस, ऊठ, म्हणून मला सांगता येत नाही."

कागदवाल्या मुलीने पेन थांबवलं.

"गोष्ट वेगळी आहे ती," चंद्रमतीबाई शेवटी म्हणाल्या. "ही महालक्ष्मीच्या शेजारी बसलीय."

"लक्ष्मी काही म्हणाली नाही अजून."

हे जरा जास्तच झालं. चंद्रमतीबाईंनी कागद मागितला, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि सुंडल न घेता निघाल्या. तंजावुरात कोलूच्या घरून सुंडल न घेता जाणं म्हणजे केवढी गोष्ट, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. कागदवाल्या मुलीने मात्र जाताजाता डबा भरून घेतला.

शनिवारी निकाल लागला. सरोजा पहिली, कुकर. विशालाक्षीबाईंना यंदा टबही नाही. उत्तेजनार्थ म्हणून प्लास्टिकचा एक मग मिळाला, आणि सीतारामराव म्हणाले की टबांबरोबर वापरायला बरा पडेल. त्या दिवशी सीतारामरावांना जेवणात नुसता ताकभात मिळाला.

विशालाक्षीबाईंना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. माणूस तत्त्वाने वागला की त्याला समाधान मिळतं, असं जे कोणी सांगत असेल त्याने सहा वर्षं टब जमवलेले नसतात. त्यांनी दुपारभर विनाकारण डाळ निवडली. निवडलेलीच परत निवडली. दोनदा उठून त्या पायऱ्यांपुढे गेल्या आणि सतरा नंबरच्या बाईकडे रागाने बघून परत आल्या. ती आपली पंखा धरून उभी.

रविवारी दुपारी सरोजा हळदीकुंकवाला आली. तिने जिंकल्याचा विषय काढला नाही, त्यामुळे तो खोलीत जास्तच मोठा होऊन बसला. दोघी एकमेकींच्या साड्यांचं कौतुक करत असताना नंदिताचा व्हिडिओ कॉल आला. सीतारामरावांनी पुस्तकाची पानं एकेक करून फोनपुढे धरली आणि ती वाचू लागली.

वाचता वाचता तिला हसू आवरेना. देवळाबाहेरचा भिकारी हा आउग्सबुर्गमधला बडा सावकार निघाला. कापड मुद्दाम चिरून आतलं महागडं अस्तर दाखवायची तेव्हा श्रीमंतांत चाल होती. चेट्टियारचे वकील हे व्हेनिसच्या राज्यकर्त्या सभेचे सभासद निघाले. नर्स ही न्युरेंबर्गची खातीपिती गृहिणी. आणि केळफूल हे बायोनकडच्या लग्न झालेल्या बायकांचं शिरोभूषण.

"आणि हा पान खाणारा?" सरोजाने विचारलं. एव्हाना ती पुढे सरकून फोनमध्ये डोकावत होती.

"मामी, ती चंची नाही."

"मग?"

"अप्पा तिथेच आहेत का?"

अप्पांना पुन्हा पाणी प्यायला जावं लागलं. नंदिताने आवाज खाली आणून दोन वाक्यांत सांगितलं. सरोजा आणि विशालाक्षीबाई यांनी एकमेकींकडे पाहिलं, मग पंगतीत दिमाखात उभ्या असलेल्या त्या गड्याकडे पाहिलं, आणि मग दोघी पदर तोंडाशी धरून अशा हसल्या की सरोजाच्या हातातलं तबक कलंडून कुंकू साडीवर सांडलं.

"सतरा नंबर वाच," डोळे पुसत विशालाक्षीबाई म्हणाल्या.

"सतरा. व्हेनिसच्या उमराव घराण्यातली सून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला पोशाख. मोती सासरचे."

सीतारामराव पाण्याचा पेला हातात घेऊन दारातच थांबले.

"परत वाच."

नंदिताने परत वाचलं. चांगल्या घरची लेक, चांगल्या घरची सून. उंच जोडे व्हेनिसच्या थोरामोठ्यांच्या बायका घालतच असत, असंही पुस्तकात म्हटलं होतं.

"चंद्रमतीबाईंचा नंबर कुठाय?" सीतारामरावांनी पेला खाली ठेवला आणि खिशातून आपला फोन काढला. त्यांचा आवाज चढला होता. "छापील पुस्तकात आहे. त्यांनीच सांगितलं होतं ना, या बाईचाच काय तो वांधा, बाकी पहिला नंबर तुझा. आता बाईच सोज्वळ निघाली. कसा देत नाहीत बघतो."

सरोजा थोडी सावरून बसली. तिने पायऱ्यांकडे पाहिलं, सांडलेल्या कुंकवाकडे पाहिलं. "कुकर अजून फोडला नाही मी, अक्का," ती म्हणाली. "पेटीतच आहे. सांगून टाका त्यांना. खरं ते खरं. तुमचाच नंबर आहे तो."

सरोजाने असं म्हणावं, याची विशालाक्षीबाईंना मुळीच अपेक्षा नव्हती. पहिला नंबर त्यांच्या दारात स्वतःच्या पायांनी चालत आला होता. फक्त फोन लावून एवढंच सांगायचं होतं की अक्का, ती तसली नाही, ती घरंदाज आहे, तेव्हा आता द्या. त्यांनी मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं. वाक्य नीट होतं. पण ते म्हणताना स्टुलावर उभं राहून बोललेलं सगळं त्यांना परत गिळावं लागत होतं, पणज्याच्या पानातल्या भातासकट.

सीतारामरावांना नंबर सापडला. घंटी वाजू लागली.

"थांबा," विशालाक्षीबाई म्हणाल्या. "नंदिता, मग या छत्तिसांत गणिका कोणीच नाही का?"

"आहे ना. बावीस नंबर. रोमची. या बायका बाहेर पडताना घरंदाज बायकांसारख्याच नेसत, म्हणून ओळखू येत नसत, असं लिहिलंय."

विशालाक्षीबाई उठल्या. तळ उलटे करून आकडे बघत त्यांनी तीन पायऱ्या शोधल्या. बावीस नंबर कीर्तनाला बसलेल्या बायकांत सापडली, अगदी पुढच्या ओळीत. काळा साधा झगा, डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, खाली झुकलेली नजर, हातात जपमाळ. किती शालीन म्हणून विशालाक्षीबाईंनीच तिला हरिदासांच्या समोरची जागा दिली होती आणि नंतर पार विसरून गेल्या होत्या.

त्यांनी तिच्यावरची धूळ पदराने पुसली. स्टूल ओढलं, वर चढल्या. बसवलेली बाहुली दसऱ्यापर्यंत हलवू नये म्हणतात, पण ते खाली उतरवायला, वर चढवायला नव्हे. सतरा नंबरच्या बाईला, व्हेनिसच्या सुनेला, थोडं बाजूला सरकवलं आणि महालक्ष्मीला लागून बावीस नंबरची बाई बसवली.

"हलोऽ," फोनमधून चंद्रमतीबाईंचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

सीतारामरावांनी बायकोकडे पाहिलं. विशालाक्षीबाईंनी स्टुलावरूनच हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मी विशालाक्षी, अक्का. परवा तुम्ही सुंडल न घेता गेलात. आज पुन्हा केलंय, या. आणि ज्या बाईसाठी आपलं भांडण झालं ना, ती आज खरी येऊन बसलीय. तिलाही भेटून जा."